स्टीव्हन्स काउंटीत (पूर्व वॉशिंग्टन) २० एकर घ्यावेत का? संकटातही चालेल असे घर करायचे आहे

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही सिअ‍ॅटलशेजारी बेलव्ह्यूला राहतो. दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी ९ वर्षांची, आणि बाबा आमच्याकडेच असतात (वय ७१, २०१९ साली बायपास). मार्च २०२० मध्ये दुकानात पिठाचे आणि तांदळाचे फडताळ रिकामे पाहिले, तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. त्यात कॅस्केडिया फॉल्टबद्दल (इथल्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली असलेला भूकंपाचा पट्टा) वाचावे तेवढी काळजी वाढते. शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० चा, तीव्रता ९ च्या आसपास. पुढचा झाला की सिअ‍ॅटलचे पूल, पाणी, वीज यांचे काय होईल याची कल्पना करवत नाही.

बंदुका घेऊन डोंगरात जाऊन बसायचे नाही. बाहेरून दोन-तीन महिने काही आले नाही तरी घर चालावे, एवढेच हवे आहे. भाजी, कोंबड्या, दोन-चार शेळ्या, लाकडाची शेगडी, स्वतःचे पाणी.

मी एक्सेलमध्ये सात काउंट्यांची तुलना केली (तक्ता सोबत जोडला आहे). कर, लोकसंख्येची घनता, भूकंप, पूर, पाऊस, लष्करी तळांपासूनचे अंतर, ग्रँड कूली धरण फुटण्याची भीती असे १३ निकष धरले. स्टीव्हन्स काउंटीला सर्वांत जास्त गुण मिळाले, १०० पैकी ७८. चुवीला गावाच्या पूर्वेला डोंगरउतारावर २० एकरांचा जंगलाचा तुकडा पाहिला आहे. छोटी केबिन आहे, बोअर आहे, ग्रिडची वीज नाही. दलाल म्हणतो की बोअर ४०० फूट खोल आहे, पाण्याची चिंता नको.

तिकडे प्रत्यक्ष राहणारे कोणी आहे का? काउंटी म्हणून निवड बरोबर आहे का? माझ्याकडून काय सुटते आहे?

नाचणी

पूर्व टेनेसी किंवा ओझार्कचा (मिसुरी-आर्कान्सामधला डोंगराळ भाग) विचार केलात का? पाऊस भरपूर, हंगाम लांब, पाण्याच्या हक्कांची एवढी भानगड नाही. मात्र तिकडे वादळे आहेत, आणि मिसुरीच्या बाजूला गेलात तर न्यू माद्रिदचा फॉल्ट आहे (१८११-१२ चे भूकंप). आम्ही टेनेसीत ६ वर्षे आहोत, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत भाजी विकत आणत नाही.

लार्चखाली

डोंगरवाट, मी २०११ पासून याच काउंटीत राहते. त्याआधी १९ वर्षे जवळच्या स्पोकेन शहरात नर्स होते. तुमच्या मनात जे चालले आहे ते आमच्याही मनात होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ७८ गुण कोणाला दिलेत? ही काउंटी सुमारे २,५०० चौरस मैलांची आहे आणि २०२० च्या जनगणनेत तिच्यात ४६,४४५ माणसे होती. दक्षिण टोकाला स्पोकेनला रोज कामाला जाणारे लोक राहतात, उत्तर टोकाला कॅनडाची हद्द आहे. मधल्या कोलव्हिल नदीच्या खोऱ्यात गवताची सपाट शेते, आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर कोरडे पाइनचे जंगल. खोऱ्यातले शेत आणि तुमचा उतारावरचा तुकडा यांत माझ्या मते दोन वेगळ्या काउंट्यांएवढा फरक आहे. सरासरी काढली की नेमका तोच हरवतो. तुम्हाला राहायचे आहे ते एका ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका रस्त्याच्या शेवटी. तपासायचे ते तेवढेच.

आता पाणी. माझे माहेर दुष्काळी भागातले, टँकरची वाट बघत वाढले आहे मी, त्यामुळे जमीन बघायला गेले की माझा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. तरीही आम्ही फसलो. विकणाऱ्याने मिनिटाला १० गॅलन सांगितले होते. मे महिन्यात पाहिले तेव्हा तेवढे येतही होते. पहिल्याच ऑगस्टमध्ये ते दोनावर आले. दोन गॅलन म्हणजे दिवसाला २,८८० गॅलन, घराला पुष्कळ. पण संध्याकाळी बागेला नळी लावली की पंप कोरडा ओढायला लागायचा. शेवटी १,५०० गॅलनची टाकी जमिनीत पुरली. आता पंप दिवसभर सावकाश टाकी भरतो आणि घर-बाग टाकीवर चालते.

बोअर ४०० फूट खोल आहे यावरून तुम्हाला काहीच कळत नाही. उलट मी विचारीन, एवढे खोल का जावे लागले? इथला बराच डोंगर ग्रॅनाइटचा आहे, पाणी फक्त फटींत असते. शेजाऱ्याला १२० फुटांवर लागते आणि तुम्हाला ५०० वरही लागत नाही. तीन आकडे मागा. पाणी मिनिटाला किती येते, चाचणी किती तास घेतली, आणि पंप बंद असताना पाणी जमिनीपासून किती खाली उभे राहते. वॉशिंग्टनमध्ये ड्रिलरला प्रत्येक बोअरचा अहवाल राज्याच्या इकॉलॉजी खात्याकडे द्यावा लागतो आणि ते अहवाल नकाशावर फुकट बघता येतात. तुमच्या तुकड्याच्या आजूबाजूचे दहा-बारा काढून बघा, एका संध्याकाळचे काम आहे.

तिसरा आकडा तुमच्यासाठी सर्वांत मोलाचा. वीज गेली तर पाणी हाताने काढता येईल का, हे बोअरच्या खोलीवर नसते, उभ्या पाण्याच्या पातळीवर असते. आमची बोअर ३६० फूट आहे, पण पाणी ८५ फुटांवर उभे असते. त्यामुळे खोल बोअरचा हापसा बसवता आला, त्याच केसिंगमध्ये (बोअरच्या नळीत) विजेच्या पंपाच्या शेजारी. वरून शोषून घेणारा साधा हातपंप २५ फुटांपलीकडे चालत नाही. हवेचा दाबच तेवढा आहे, कंपनी कुठलीही असो. तुमचे पाणी ३०० फुटांखाली उभे असेल, तर सोलर पंप आणि मोठी टाकी यांचा खर्च जमिनीच्या किमतीतच धरा.

पाण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे. १९४५ च्या कायद्याने घरगुती बोअरला परवान्यातून सूट आहे: घरासाठी दिवसाला ५,००० गॅलनपर्यंत, शिवाय अर्ध्या एकरापर्यंत बाग आणि जनावरांचे पाणी. २०१६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा हर्स्ट निकाल आला (परवाना देण्याआधी पाणी खरेच उपलब्ध आहे का ते काउंटीने तपासावे) आणि गावोगावी बांधकामाचे परवाने अडकले. त्यावर २०१८ साली नवा कायदा झाला. कोलव्हिल नदीचे खोरे त्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे नव्या बोअरला ५०० डॉलर फी आणि वापराची जास्त कडक मर्यादा. तुमची बोअर जुनी की नवी, आणि केबिन परवान्याने बांधलेली आहे का, हे काउंटीच्या कार्यालयात स्वतः विचारा. पाच एकर भिजवून धान्य काढायचे स्वप्न असेल, तर नवा सिंचनाचा हक्क मिळेल असे धरून चालू नका. छपरावरचे पावसाचे पाणी मात्र २००९ पासून परवान्याशिवाय साठवता येते. इथला पाऊस तुमच्याकडच्या निम्माच, आणि त्यातला बराच बर्फ म्हणून पडतो. उन्हाळ्यात त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसरी गोष्ट, रस्ता आणि आग. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

ऑगस्ट २०१५ मध्ये काउंटीच्या दक्षिण भागात कार्पेंटर रोडची आग लागली, ६० हजार एकरांहून जास्त जळाले. आमच्यापासून ती लांब होती, तरी आठ दिवस सूर्य तांबड्या ताटलीसारखा दिसत होता आणि गाडीत कागदपत्रे, औषधे भरून ठेवलेली. १८ ऑगस्ट २०२३ ला शेजारच्या स्पोकेन काउंटीत एकाच दिवशी मेडिकल लेक आणि एल्क इथे दोन आगी लागल्या. मिळून शेकडो घरे गेली, दोन माणसे गेली. तुमच्या तक्त्यात भूकंप आहे, पूर आहे, आगीचा रकानाच नाही. या भागात माझ्या मते तो पहिला हवा.

तुकड्यावर जाल तेव्हा केबिनला पाठ लावून उभे राहा आणि खाली बघा. आग चढावर धावते, त्यामुळे उताराच्या मध्यावर दाट झाडीत असलेले घर सर्वांत वाईट. उतार नैर्ऋत्येकडे असेल तर तो सर्वांत कोरडा. छप्पर पत्र्याचे आहे का? भिंतीपासून पहिल्या ५ फुटांत जळेल असे काही आहे का? मग रस्ता. शेवटचा मैल कोणाच्या मालकीचा, बर्फ कोण काढते, वाटेचा हक्क कागदावर नोंदलेला आहे की नुसता तोंडी? आणि बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का? आम्ही आवडलेले दोन तुकडे फक्त याच कारणाने सोडले. एक तर इतका सुंदर होता की मला अजून आठवतो, खाली ओढा आणि वर लार्चची रांग. पण वाट एकच, तीही दरीतून.

घराच्या विम्याचे आधी विचारा, नंतर नव्हे. अग्निशमन केंद्र ५ मैलांच्या आत नसेल, तर बऱ्याच कंपन्या हात वर करतात. इथली केंद्रे जवळजवळ सगळी स्वयंसेवकांवर चालतात.

आता बाबांबद्दल. हे नर्स म्हणून लिहिते, रागावू नका. कोलव्हिलचे रुग्णालय चांगले आहे, मला त्याचा अनुभव आहे. पण ते क्रिटिकल अ‍ॅक्सेस प्रकारचे आहे, म्हणजे नियमाने जास्तीत जास्त २५ खाटा. हृदयाची मोठी प्रक्रिया लागली तर स्पोकेन, कोलव्हिलपासून ७० मैल. चुवीला वाटेवर असल्याने तुम्हाला थोडे कमी. हवामान चांगले असेल तर हेलिकॉप्टर, नसेल तर ३९५ नंबरचा हायवे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखू लागले. रात्रीचे साडेअकरा, बाहेर उणे तापमान. अँब्युलन्स यायला ५५ मिनिटे लागली, कारण आमच्या वाटेवर पाइनचे झाड आडवे पडले होते. ते झाड खालच्या वळणावरच्या शेजाऱ्याने चेनसॉने कापले. त्याला आम्ही बोलावले नव्हते. दिवे दिसले म्हणून तो कपडे चढवून आला होता. त्या ५५ मिनिटांत माझ्याजवळ अ‍ॅस्पिरिन होती, आणि काय करायचे ते मला ठाऊक होते. तुमच्या घरात ते कोणाला ठाऊक आहे? बाबांच्या कार्डिऑलॉजिस्टना हा प्रश्न सरळ विचारा: सव्वा तासावर कॅथ लॅब (हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडण्याची सोय) असलेल्या जागी यांनी राहावे का? उत्तर नाही आले, तर हायवेला लागून, चुवीला किंवा डीअर पार्क या गावांजवळ ५ एकर घ्या. २० एकरांपेक्षा ते तुमच्या घराला जास्त सुरक्षित आहे.

शेतीचे थोडक्यात. खोऱ्याच्या तळाशी थंड हवा साचते, जूनमध्येही फ्रॉस्ट पडतो. मध्यम उतारावर हंगाम थोडा लांबतो. बटाटे, कोबी, गाजर, बीट, लसूण, वाटाणा, सफरचंद उत्तम येतात. टोमॅटो-मिरचीला प्लास्टिकचा बोगदा लागतो. कुंपण ८ फुटी, नाहीतर हरणे एका रात्रीत सगळे फस्त करतात. शेळ्यांना रात्री बंद गोठा हवाच, कूगर (डोंगरी सिंह) आहे, लांडगेही परतले आहेत. डाळींचे मात्र आपले भाग्य आहे. स्पोकेनच्या दक्षिणेचा पलूस (Palouse) भाग मसूर आणि हरभऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथून दर शरद ऋतूत आम्ही ५० पौंडांची पोती आणतो. जळणाला लार्च सर्वांत चांगले. ऑक्टोबरमध्ये त्याची पाने सोन्यासारखी पिवळी होऊन गळतात, तेव्हा डोंगरात कोणते झाड कुठे आहे ते लांबून कळते. आमच्या घराला थंडीत ५ कॉर्ड लागतात, म्हणजे ६४० घनफूट. हे काम तुमचे शरीर करेल ना, हेही तपासा.

करही तुम्ही निकषांत धरला आहे. पण २० एकर जंगल असेल तर ते बहुधा ‘डेझिग्नेटेड फॉरेस्ट लँड’ म्हणून नोंदलेले असेल, म्हणून तर कर इतका कमी दिसतो. त्यातला भाग घर-बागेसाठी काढलात की मागच्या ९ वर्षांपर्यंतचा फरक भरावा लागू शकतो. असेसरच्या (मालमत्ता कराचे मूल्यांकन करणाऱ्या) कार्यालयात फोन करा.

आणि माणसे. इथे आपल्यासारखे दिसणारे फार थोडे. पहिल्या वर्षी दुकानात लोक वळून बघायचे, नाही म्हणणार नाही. आम्ही ग्रेंजच्या (शेतकऱ्यांच्या संघटनेच्या) सभागृहातल्या जेवणांना जाऊ लागलो, हे अग्निशमनात टँकर चालवायला शिकले, मी सीपीआर शिकवते. ऑगस्टच्या कोलव्हिलच्या जत्रेत माझ्या लिंबाच्या लोणच्याला रिबन मिळाली, त्या दिवसापासून मला नावाने हाक मारणारे वीस लोक झाले. तुमच्या १३ निकषांत शेजारी नाहीत. त्या रात्री झाड कापणारा माणूस कुठल्या रकान्यात बसवाल?

गारगोटी

लार्चखाली ताईंनी पाण्याचे छान लिहिले आहे. मी स्पोकेनला भूगर्भाच्या कामात आहे, दोन गोष्टींची भर घालतो.

उत्तरेकडे नॉर्थपोर्टच्या आसपास जमीन घेत असाल तर मातीची शिसे आणि आर्सेनिकसाठी चाचणी केल्याशिवाय घेऊ नका. हद्दीपलीकडे कॅनडात ट्रेल गावी मोठा स्मेल्टर (धातू वितळवण्याचा कारखाना) आहे. त्याच्या धुराने याच काउंटीतल्या शेतांचे इतके नुकसान झाले की दोन देशांत लवाद बसला. त्याचे १९३८ आणि १९४१ चे निकाल आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्यात आजही शिकवले जातात. स्मेल्टरमधली धातूची मळी १९९५ पर्यंत कोलंबिया नदीत जात होती. नैर्ऋत्येला स्पोकेन रिझर्व्हेशनवर (मूळ रहिवाशांची राखीव जमीन) मिडनाइट ही जुनी युरेनियमची खाण आहे, २००० पासून सुपरफंडच्या (सरकारने साफ करायच्या विषारी जागांच्या) यादीत. तुमचा चुवीलाचा तुकडा दोन्हींपासून दूर आहे. पण ग्रॅनाइट आहे म्हणून बोअरच्या पाण्यात आर्सेनिक (मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम) आणि युरेनियम (३० मायक्रोग्रॅम) तपासाच, नेहमीच्या चाचणीत युरेनियम नसते. घरात रेडॉनही (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू).

दुसरे, ज्वालामुखी. १८ मे १९८० ला सेंट हेलेन्स फुटला तेव्हा दुपारी स्पोकेनला अंधार झाला होता. राख पूर्वेला येते. सोलर पॅनेल, जनरेटरचा फिल्टर, जनावरांचे पाणी या सगळ्यांवर परिणाम होतो. जादा एअर फिल्टर आणि मास्क ठेवा. ग्रँड कूलीचे धरण तुमच्या खालच्या अंगाला आहे, त्याची भीती तक्त्यातून काढून टाका.

परतवाट

आम्ही दोन हिवाळे काढून परत आलो, म्हणून लिहितो. जमीन चांगली होती, पाणी चांगले होते. नोकरी ऑनलाइन आणि ग्रिड नाही, हे जमले नाही. डिसेंबरमध्ये ढग बसले की तीन-तीन आठवडे सोलर नावापुरते, मग रोज जनरेटर. बायको आणि मी एकमेकांशी फक्त पेट्रोल आणि बॅटरीबद्दल बोलत होतो. ज्यांना जायचे आहे त्यांनी विकत घेण्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे सहा आठवडे भाड्याने राहावे. आम्ही जुलैत पाहिले आणि जुलैतच घेतले.

ग्रिडची वीज असलेल्या जागेला नाही म्हणू नका. १७ नोव्हेंबर २०१५ च्या वादळात स्पोकेन भागात सुमारे १,८०,००० ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवड्याहून जास्त. ग्रिड आणि शेगडी दोन्ही असलेल्यांचे ते दिवस ठीक गेले.

डोंगरवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ताईंनी सांगितल्याप्रमाणे बोअरचे अहवाल काढले. आमच्या तुकड्याची बोअर ४०५ फूट, पाणी २९० फुटांवर उभे, मिनिटाला दीड गॅलन, चाचणी एक तास. शेजारच्या चार अहवालांतही तसेच. दलालाला विचारले तर म्हणाला की इथे सगळ्यांचे असेच असते. रस्ता एकच आहे, शेवटचा १.४ मैल खाजगी.

बाबांशीही बोललो. ते म्हणाले, ‘माझ्यामुळे थांबू नका, पण मला विचारलेत हे बरे केलेत.’ पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

तो तुकडा सोडतो आहोत. चुवीलाजवळ ग्रिडची वीज असलेले ७ एकर आहेत, काउंटीचा रस्ता, बोअर १४० फूट, पाणी ३८ फुटांवर. फेब्रुवारीत पाहायला यायचे म्हणतो. ताई, तेव्हा काय बघू?

लार्चखाली

३८ फूट ऐकून बरे वाटले. तिथे हापसा सहज बसेल.

फेब्रुवारीत या, पण ऑगस्टच्या शेवटीही पुन्हा या, त्याआधी सही करू नका. करार झालाच तर ऑगस्टमध्ये चार तासांची पाण्याची चाचणी घेण्याची अट घाला. पाणी इतके वर म्हणजे सेप्टिकचे पाणी जमिनीत कुठे मुरते तेही बघा, ती जागा बोअरपासून किमान १०० फूट हवी. त्याची नोंद तीन काउंट्यांच्या सामाईक आरोग्य कार्यालयात मिळते. रस्ता सकाळी ७ वाजता बघा, स्कूल बस येते का ते कळेल. बस जिथे येते तिथला बर्फ आधी काढतात.

पाण्याच्या नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, घरची चालत नाही. जंतूंचा नमुना ३० तासांत पोचावा लागतो, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी घ्या. शुक्रवारी घेतला तर वाया जाईल. आणि हॉटेल करू नका, आमच्याकडे उतरा. बाबांसाठी खालच्या मजल्यावर खोली आहे, शेगडीच्या शेजारी. त्यांच्या औषधांची यादी आधी कळवा.